खिळ्यावरची माळ

आमच्या घराण्यात दारू सोडवायचं काम आधी देवांकडं होतं. देव थकले तेव्हा ते माझ्याकडं आलं.

आमचे हे कळंबच्या एका शाळेत क्लार्क आहेत. हस्ताक्षर सुंदर, बोलणं मऊ, कुणाला वर मान करून उलट बोलणार नाहीत. शाळेतून घरापर्यंतचा रस्ता एक पान चघळून होईपर्यंत संपतो, पण यांना तो अंधार पडला तरी संपायचा नाही. मी घरी ब्लाऊज शिवते. मशीन खिडकीपाशी आहे. गल्लीच्या तोंडाशी हे दिसले की नुसती चाल बघून मला कळायचं, आज किती झालीय. गल्लीलाही कळायचं. पण कुणी एक शब्द बोलायचं नाही. हे एसटी स्टँडच्या कट्ट्यावर आडवे झाले की त्यांच्याच शाळेतले एक सर त्यांना रिक्षात घालून आणून सोडायचे आणि मला सांगायचे, "भाऊसाहेबांना जरा चक्कर आली व्हती." चक्कर. मीही "बरं" म्हणायची आणि दार लावून घ्यायची. आमची अब्रू त्या एका शब्दावर उभी होती आणि सगळ्या गावानं मिळून ती सांभाळली होती.

थोरले दीर जवळच्याच गावात शेती बघतात. त्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो. सासरे गेल्यापासून घरात त्यांचाच शब्द. एका वर्षी दादांनी ठरवलं की आता याला खंडोबापुढं उभा करायचा. अणदूरचा खंडोबा आमचं कुळदैवत. जीप करून सगळे गेलो. यांनी ओल्या अंगानं बेल-भंडारा उचलला आणि देवाला शब्द दिला की इथून पुढं बाटलीला शिवणार नाही. दादांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, खोटं कशाला सांगू.

आणि खरोखर सुटली. पुढचे काही महिने हे दिवसाउजेडी घरी यायचे, माझ्या मशीनशेजारी बसून पेपर वाचायचे. मी जेजुरीपर्यंत जायचं मनात धरून ठेवलं होतं. पण आमचा देव एका गावात राहत नाही. तो वर्षातले बरेच महिने अणदूरला असतो आणि मार्गशीर्षात पालखीतून नळदुर्गला जातो. दोन गावांचं तसं ठरलेलंच आहे, ठरल्या दिवशी तो परत येतो. देव अणदूरहून हलल्याचं कळंबात कळलं आणि त्याच दिवशी हे पिऊन आले. मी म्हटलं, "भंडारा उचलला होता ना?" उंबऱ्यात उभं राहून, एकही शब्द न अडखळता म्हणाले, "ज्याच्या म्होरं उचलला तो देव हाय का आता तिथं? देऊळ मोकळं हाय."

यात हसण्यासारखं आहे हे मला आता कळतं. त्या दिवशी हातात कात्री होती ती मी बाजूला ठेवली, एवढंच. पण दादांनी हे बोलणं मनावर घेतलं. पुढच्याच आठवड्यात ते यांना नळदुर्गला घेऊन गेले आणि तिथंही भंडारा उचलायला लावला. म्हणजे दादांनाही ते पटलं होतं. भावाचं काही चुकलं नव्हतं, नुसती जागा चुकली होती. मग देव परत अणदूरला निघाला तेव्हा कुठला शब्द चालू आणि कुठला बंद, याचा मेळ दोघा भावांनाही लागेना, आणि त्या गोंधळात बाटली घरात परत आली ती राहिलीच.

त्यानंतर पुड्या झाल्या. चहातून द्यायच्या, कळू द्यायचं नाही. यांना उलट्या झाल्या, दारू तशीच राहिली. मग एके दिवशी यांचे डोळे पिवळे दिसले आणि पायाला बोट लावलं तर खड्डा पडायला लागला. धाराशिवच्या एका डॉक्टरांकडं नेलं. बसवर पाटी धाराशिवची असली तरी आमच्याकडं अजून सगळे उस्मानाबादच म्हणतात, कंडक्टरसुद्धा. डॉक्टर तरुण होते, आडपडदा न ठेवता बोलले. यांच्यासमोरच मला म्हणाले, "लिव्हर अजून हातात आहे. आता परत सुरू केली तर पुढच्या वेळी माझ्याकडं आणण्यात अर्थ नाही." मग म्हणाले, "इथं काही लोक रविवारी बसतात म्हणे. सोडलेलेच एकमेकांना मदत करतात. बघा चौकशी करून."

चौकशी कुणाकडं करायची ते त्यांनी सांगितलं नाही. मी मेडिकलवाल्याला विचारलं, त्यानं परत पुडीच दाखवली. सरकारी दवाखान्यात एका बाईनं मला या खिडकीतून त्या खिडकीत पाठवलं. शेवटी ते सापडलं एसटीत. परतीच्या गाडीत ड्रायव्हरच्या मागं एक कागद चिकटवला होता. दारू सोडायची इच्छा आहे का, असं वर लिहिलेलं. खाली फोन नंबर होता, त्याचे शेवटचे आकडे कुणीतरी नखानं खरवडून काढले होते. मला अजून त्या नखाचा राग येतो. पण त्याखाली शाळेची खूण आणि रविवार एवढं शाबूत राहिलं होतं. मी येडशीपासून कळंबपर्यंत तेवढंच परत परत वाचत आले.

त्या रविवारी हे यायला तयार झाले ते डॉक्टरांच्या भीतीनं. धाराशिवात ती शाळा सापडेना. एका पानटपरीवर मी दबक्या आवाजात विचारलं, तर टपरीवाला चुना लावता लावता चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाला, "दारुड्यांची शाळा व्हय? ती काय, मागल्या अंगाला. गेटातनं न्हाय, बोळातनं जावा." टपरीवरची चार माणसं यांच्याकडं बघायला लागली. हे वळले आणि स्टँडच्या दिशेनं चालायला लागले. मी त्यांच्या शर्टाची बाही धरली. भर रस्त्यात मी माझ्या नवऱ्याला बाहीला धरून ओढत नेलं. ती बाही खांद्यावर उसवली, घरी आल्यावर मीच शिवली.

मागच्या अंगाला दोन खोल्या होत्या. एकीत पुरुष, दुसरीत त्यांच्या घरच्या बायका. मी दुसरी खोली बघितलीच नव्हती, मला फक्त यांना आत ढकलायचं होतं. पण दारातल्या एका बाईनं मला हाताला धरून आत नेलं. पहिली-दुसरीच्या पोरांचे बुटके बाक, फळ्यावर बाराखडी, आणि त्या बाकांवर गुडघे वर करून बसलेल्या आमच्यासारख्या बायका. त्यांची एक पद्धत आहे. नवीन बाई आली की ज्या बाईची पाळी असेल तिनं उठायचं, नवीन बाईला आपल्या शेजारी बसवायचं आणि म्हणायचं, "या ताई, बसा. ही जागा तुमचीच." ते ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझी जागा म्हणे. माझी जागा माझ्या घरी खिडकीपाशी, मशीनवर.

तिथं नाव विचारत नाहीत. कुणी कुणाची कोण लागते तेही खोलीत काढायचं नाही. नुसतं बोलायचं. माझ्यावर पाळी आली तेव्हा मी पदर नीट केला आणि म्हणाले, "तसे ते स्वभावानं चांगले आहेत." आणि सगळ्या बायका हसल्या. खवचटपणानं नाही, पण हसल्या. शेजारची म्हणाली, "समद्यांचं तितूनच सुरू व्हतंय ताई. बोला पुढं." मी फळ्यावरची बाराखडी वाचत बसले. मला त्या बायकांचा राग आला होता. माझ्या नवऱ्याला त्यांनी आपल्या नवऱ्यांच्या रांगेत नेऊन बसवला होता.

मधली भिंत पातळ होती. पलीकडचा आवाज येत होता. एकेक जण उठून म्हणत होता की मी दारुडा आहे आणि आज मी प्यालेलो नाही. काही रविवार गेल्यावर त्यातला एक आवाज यांचा निघाला. "म्या दारुडा हाय." लग्नाला एवढी वर्षं झाली, हे वाक्य त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. अनोळखी लोकांना सांगितलं, तेही असं खणखणीत की भिंतीपलीकडं ऐकू यावं. मला बरं वाटायला पाहिजे होतं. मला रडायला आलं आणि संतापही आला, दोन्ही एकदम.

पण गट लागू पडला. का लागू पडला ते मला कळायला वेळ लागला. तिथं शपथ घेऊ देत नाहीत. कायमची सोडतो असं कुणी म्हणालं तर दुसरे त्याला थांबवतात. आजचं बोल, म्हणतात. त्या पुरुषांत एक रिटायर झालेला एसटी ड्रायव्हर होता, बडबड्या, विड्या ओढणारा. मला तो माणूस कधी आवडला नाही. पण तो रोज सकाळी यांना फोन करायचा. "आजचं काय?" एवढंच विचारायचा. हे म्हणायचे, "आज न्हाय." मग ठेवून द्यायचे. देवाच्या शब्दातून यांनी पळवाट काढली होती. त्या ड्रायव्हरच्या फोनमधून काढता येईना, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी तो परत यायचा. यांचे डोळे पांढरे झाले. पायाची सूज उतरली.

आणि मग पोरीची सोयरीक आली.

आमची एकच मुलगी, बी.कॉम. झालेली. स्थळ तुळजापूरचं. ओटीच्या सामानाचं दुकान, बाजारात नाव, मुलगा दिसायला चांगला, पोरीला पसंत. सुपारी फोडायचा दिवस ठरला आणि दादा आमच्या घरी येऊन बसले. दर रविवारी आम्ही कुठं जातो हे त्यांना कुणाकडून तरी कळलं होतं. इतकी वर्षं भाऊ कट्ट्यावर पडायचा तेव्हा दादांनी मान खाली घातली नव्हती. आता घातली.

"लई वंगाळ केलं तुमी," मला म्हणाले. "घरातली गोष्ट चार लोकांत नेली."

मी म्हटलं, "दादा, पितात हे कुणाला माहीत नव्हतं?"

"प्यायचं येगळं. कोण पीत न्हाय? पितो म्हणल्यावर सोयरीक मोडत न्हाय. पण दारुड्यांच्या बैठकीला जातो म्हणल्यावर त्यो दारुडा झाला की."

हे बोलणं ऐकून मला आधी वाटलं दादा चिडून बोलतायत. पण ते अगदी खरं सांगत होते. आमच्याकडं पिणारा माणूस चालतो. सोडणारा चालत नाही. सोडतोय म्हटल्यावर त्याला लागली होती हे सिद्ध होतं.

अडचण पुढंच होती. सुपारीनंतर मटणाचं जेवण, आणि जेवणाआधी पुरुष मंडळी मागच्या शेडमध्ये बसणार. व्याह्यानं ग्लास पुढं केला आणि यांनी नाही म्हटलं तर का नाही, हे सांगावं लागणार. दादांनी त्यावर तोडगा आणला होता. शर्टाच्या खिशातून त्यांनी तुळशीची माळ काढली. माळ घालायची तर लोक कीर्तनकार महाराजांच्या हातून घालतात, पाया पडतात, नेम घेतात. आमच्याकडं दादांनी ती मोरीपाशी, दाढीच्या आरशासमोर उभं करून यांच्या गळ्यात अडकवली. "आता कुनी इचारणार न्हाय," म्हणाले. "माळकऱ्याला कोण आग्रह करतंय?"

मी बोलले. चांगली तावातावानं बोलले की देवाच्या नावानं एकदा तोंड पोळलंय, परत तेच कशाला. दादांनी माझ्याकडं बघितलंही नाही. हे आरशात स्वतःचा गळा बघत होते, आणि मला सांगायलाच पाहिजे, त्यांना तो आवडला होता. दारुडा गळा त्यांनी आयुष्यभर आरशात बघितला होता. माळकऱ्याचा पहिल्यांदा बघत होते. पोरगी आतून आली आणि माझ्या दंडाला धरून म्हणाली, "आई, लग्नापुरती गप बस ना." तिच्या चेहऱ्याकडं बघितलं आणि मी मशीनवर जाऊन बसले.

सुपारी थाटात झाली. शेडमध्ये व्याह्यांनी ग्लास पुढं केला तेव्हा दादांनी मध्येच म्हटलं, "आमचा धाकटा माळकरी हाय." व्याही उठून यांच्या पाया पडले. यांना मटणाऐवजी वरण-भात वाढला. त्या दिवसापासून सगळ्या नातेवाइकांत हे माळकरी झाले. त्यांना लोक "या माउली" म्हणायला लागले. कट्ट्यावरून उचलून आणणारे ते सरसुद्धा.

लग्नाला ड्रायव्हरला बोलवायचं नाही, असंही ठरलं. धाराशिवचे निम्मे लोक त्याला ओळखतात, तो का आला म्हणून कुणी विचारलं तर काय सांगणार. मला तो माणूस आवडत नव्हता, तरी त्याला टाळल्याची मला लाज वाटली. यांनी त्याला फोनवर कसंबसं सांगितलं. तो हसला, म्हणे, "कळलं. आमाला सवय हाय. पोरीला आशीर्वाद सांगा." मी पोरीच्या लग्नाचे ब्लाऊज शिवले, हाताची नक्षी केली, आणि टाके घालताना सबंध वेळ त्या माणसाला मनात शिव्या दिल्या, त्यानं इतकं समजून घेतलं म्हणून.

लग्नानंतर हे गटात जायचे थांबले. तुळजापूर तिथून जवळ, व्याह्यांचं कुणी बघितलं तर. आणि माळकऱ्याचं तिथं काय काम, असं दादा म्हणाले. सकाळचा फोन काही दिवस वाजत राहिला. हे फोनकडं बघायचे आणि पालथा घालून ठेवायचे. पुढं पुढं वाजायचाही थांबला. मी एकटी रविवारी जात राहिले. पुड्यांपेक्षा, भंडाऱ्यापेक्षा, त्या बुटक्या बाकांचा मला जास्त आधार वाटायचा.

एका दुपारी मी गिऱ्हाइकाकडं ब्लाऊज देऊन परत आले. घराला नुसती कडी होती. देवाच्या फोटोशेजारी एक खिळा आहे, त्यावर कॅलेंडर असतं. कॅलेंडरवर माळ टांगलेली होती. नीट, गुंता न होता, मेरुमणी खाली येईल अशी. मला वास यायच्या आधी सगळं कळलं. माळ गळ्यात असताना पिणं पाप. मग माळ काढायची, जागेवर ठेवायची, जायचं, यायचं, हातपाय धुवायचे, चूळ भरायची, परत घालायची. त्यांच्या हिशेबात त्यांनी देवाला फसवलं नव्हतंच. ते आले, मला बघून उंबऱ्यातच थबकले, आणि मोरीकडं वळले. मी म्हटलं, "चूळ भरू नका. मला वास येऊ द्या." त्यांनी तरी भरली.

त्यानंतर ती माळ मी रोज खिळ्यावर बघायची. दादांना सांगितलं तर म्हणाले, "बगा, धाक हाय की. काडून ठिवतोय म्हंजी धाक हाय." डॉक्टरांचे शब्द मला पाठ होते. रोज सकाळी यांना उजेडात नेऊन मी डोळे बघायची.

मग पोरीचा फोन आला. बोलत होती हळू, भिंतीला तोंड करून बोलल्यासारखी. आधी माझी चौकशी केली, भाजी काय केलीस विचारलं. आणि मग म्हणाली, "आई, तू रविवारी जातीस तिथं बायका किती वाजता बसतात?"

मला वाटलं बापासाठी विचारतेय. म्हटलं, "का गं?" ती परत भाजीचंच विचारायला लागली. तिकडं दुकानातली घंटी वाजल्याचं ऐकू आलं, आणि मला कळलं, ती स्वतःसाठी विचारतेय.

दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघं तुळजापूरला गेलो. जावई घरात नव्हते, कुठं होते ते कुणी सांगितलं नाही. पोरगी चहा ठेवून दाराआड उभी राहिली. व्याह्यांनी बराच वेळ पावसापाण्याचं काढलं, मग म्हणाले, "पोरगं जरा घेतंय. आधीपासनंच व्हतं थोडंफार, वाटलं लग्न झाल्यावर सुटंल." आधीपासून होतं. त्यांनी ते आमच्यापासून लपवलं, आम्ही आमचं त्यांच्यापासून लपवलं, आणि मधे पोरगी दिली. मी दाराआडच्या साडीच्या काठाकडं बघत राहिले.

व्याह्यांनी मग यांच्याकडं तोंड केलं. चेहरा आशेनं भरलेला. "आमी ठरीवलंय, पोराला माळ घालायची. तुमाला कशी लागू पडली की, माउली. ह्यांच्याकडं बग म्हणलं पोराला. तुमीच चार शब्द सांगा त्याला."

यांचा हात गळ्यातल्या माळेवर गेला. मी वाट बघितली. हाच माणूस शाळेच्या खोलीत उभा राहून भिंतीपलीकडं ऐकू जाईल असं बोलायचा. तेच एक वाक्य इथं म्हणायचं होतं, आपल्या पोरीसाठी. दाराआडची ती आणि मी, दोघीही त्याच वाक्याची वाट बघत होतो.

हे म्हणाले, "बरं हाय. चांगल्या महाराजांच्या हातनं घाला."

मग मी बोलले. मोठ्यानं नाही. मशीनवर बसून धागा तुटला की जसं बोलते तसं. सांगितलं की ही माळ आमच्या घरी खिळ्याला टांगतात आणि मग प्यायला जातात. सांगितलं की यांची दारू माळेनं नाही, दारुड्यांच्या बैठकीनं सुटली होती, आणि तुमच्या सोयरिकीसाठी ती बैठक सोडायला लावली म्हणून परत लागली. सुपारीच्या आधी मोरीपाशी काय झालं तेही सांगितलं. हे मान खाली घालून ऐकत होते. व्याही उभे राहिले. "म्हंजी तुमी आमाला फसवलं," म्हणाले.

"व्हय," मी म्हटलं. "आणि तुमी आमाला."

चहा तसाच राहिला. दादा त्यानंतर आमच्याशी बोलत नाहीत. घराण्याचं नाक मी तुळजापुरात नेऊन कापलं, असं ते सगळ्यांना सांगतात. इतकी वर्षं ते नाक एसटी स्टँडच्या कट्ट्यावर पडत होतं, तेव्हा शाबूत होतं.

पुढच्या रविवारी मी निघाले तर हे पायात चप्पल घालून दारात उभे. शाळेच्या बोळात शिरताना त्यांनी माळ काढली आणि माझ्या पर्समध्ये टाकली. "आत खोटं नगं," म्हणाले. तो ड्रायव्हर पायरीवर बसून विडी ओढत होता. त्यानं कुठं होतात, का आला नाहीत, काही विचारलं नाही. "आजचं काय?" एवढंच म्हणाला. हे म्हणाले, "काल पिलो. आज अजून न्हाय." दोघं आत गेले. हे पुढं टिकतील की नाही मला माहीत नाही. डोळ्यांत परत पिवळेपणा आहे. डॉक्टरांकडं जायची माझी हिंमत होत नाही.

मी बायकांच्या खोलीत आले. त्या दिवशी नवीन बाईला बसवायची पाळी माझी होती. बराच वेळ कुणी आलं नाही, आणि नको यायला असं मी मनात म्हणत होते. मग दार सरकलं. हिरव्या साडीत, डोक्यावर पदर घेतलेली, घरी दवाखान्यात जाते सांगून तुळजापूरहून एकटी बसनं आलेली माझी पोरगी दारात उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं. खोलीतला नेम मी तिला फोनवर सांगितला होता, नातं काढायचं नाही. अंगावरचा ब्लाऊज मी शिवलेला, लग्नातलाच.

मी उठले. पाळी माझी होती. म्हटलं, "या ताई, बसा. ही जागा तुमचीच."

ती त्या बुटक्या बाकावर गुडघे वर करून माझ्या शेजारी बसली. बायका तिच्याकडं बघत थांबल्या. तिनं पदर नीट केला.

"तसे ते स्वभावानं चांगले आहेत," ती म्हणाली.

बायका नेहमीसारख्या हसल्या. आता शेजारच्या बाईनं "बोला पुढं" म्हणायचं असतं, ते मला म्हणता आलं नाही.